तळमजला कोणाचा?

मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवर उतरलं की दोन बाजूंना दोन वेगळी शहरं लागतात. पूर्वेच्या दारानं बाहेर पडलात तर स्पेन्सर स्ट्रीट आणि पुढे जुनं शहर. ट्रामच्या घंटा, कॉफीचा वास, फुटपाथवर मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यावर गिटार घेऊन बसलेला कुणीतरी. पश्चिमेकडे रुळांवरचा पूल ओलांडलात की डॉकलंड्स. काचेचे टॉवर, पाण्यात डुलणाऱ्या नौका, ऐसपैस चौक आणि डोक्यावरची टोपी उडवून नेणारा वारा.

माझं ऑफिस पश्चिमेला आहे. टार्नीट, व्यंडम व्हेलकडून सकाळची गाडी पकडणारी आम्ही मंडळी सदर्न क्रॉसला उतरतो. पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात ओळखपत्र. अर्ध्या डब्यात मराठी, तेलुगू, पंजाबी ऐकू येतं. त्यातले बरेच जण माझ्यासारखे डावीकडे वळतात, कारण बँका आणि आयटीची मोठी ऑफिसं तिकडेच आहेत. संध्याकाळी सहानंतर मात्र तीच माणसं उजवीकडे जातात. कुणी मित्राला भेटायचं असो, बायकोचा वाढदिवस असो, भारतातून आलेल्या सासूसासऱ्यांना ‘सिटी’ दाखवायची असो, पाय आपोआप जुन्या शहराकडे वळतात. डॉकलंड्समध्ये घर घेऊन राहणारा माझा एक नागपूरचा मित्रसुद्धा चहा प्यायला म्हणून ट्राम पकडून पलीकडे येतो!

दहा मिनिटांच्या अंतरावर इतका फरक का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. पैसा दोन्हीकडे ओतलेला आहे, हवा तीच, महापालिका आता तीच. ‘जुनं ते जुनंच, त्याला इतिहास असतो’ हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. कारण हे जुनं शहर चाळीस वर्षांपूर्वी जवळजवळ मेलेलं होतं.

आज ज्या गल्ल्यांत पर्यटक फोटो काढतात, त्यांची मूळ कथा साधी आहे. १८३७ साली रॉबर्ट हॉडल या सर्व्हेअरनं शहराची चौकट आखली. मोठे रस्ते ९९ फूट रुंद आणि त्यांच्यामधून जाणारे ‘लिटल’ रस्ते ३३ फुटांचे. पुढे भूखंडांचे तुकडे पडत गेले, तशा मागच्या बाजूला मालाची ने-आण करायला बोळ तयार झाले. कचऱ्याचे डबे, मालाच्या गाड्या, मांजरं. आपल्याकडच्या वाड्याच्या मागचं दार म्हणा ना. विसाव्या शतकात लोक मोटारीनं उपनगरात गेले, पाठोपाठ मॉल गेले, आणि १९८० च्या सुमारास शहराचा मध्य ऑफिस सुटलं की सुनसान व्हायला लागला. त्यात १९९० च्या मंदीनं व्हिक्टोरिया राज्याचं कंबरडं मोडलं. राज्याची स्वतःची स्टेट बँकसुद्धा बुडायला आली आणि विकावी लागली. टॉवरचे मजलेच्या मजले रिकामे पडले.

जीव परत आला तो तिथूनच. महापालिकेनं १९८५ च्या आराखड्यात ठरवलं होतं की शहरात माणसं राहायला यायला हवीत. रॉब अ‍ॅडम्स हे वास्तुरचनाकार १९८३ पासून महापालिकेच्या कामात होते, आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिले. (एकाच माणसाला एकाच कामावर तीस-पस्तीस वर्षं राहू देणं, ही गोष्ट आपल्याकडच्या महापालिकांत कुठे ऐकायला मिळेल?) १९९२ मध्ये ‘पोस्टकोड ३०००’ ही योजना आली. रिकाम्या ऑफिसांची घरं करा, आम्ही परवानगी, सवलत, सल्ला देतो. त्याच वर्षी स्वान्स्टन स्ट्रीटवरून दिवसा खासगी मोटारी बंद केल्या. तेव्हा मध्यवर्ती शहरात घरं होती सातशेच्या आसपास. दहा वर्षांत ती दहा हजारांच्या घरात गेली.

रिकामी जागा म्हणजे स्वस्त भाडं. बोळांमधल्या, तळघरांमधल्या, जिन्याखालच्या जागा अशा लोकांना मिळाल्या ज्यांना कॉलिन्स स्ट्रीटवर कुणी उभंही केलं नसतं. इटालियन, ग्रीक कॉफीवाले, जुन्या कपड्यांची दुकानं, चपला दुरुस्त करणारे, चित्रकार. दारूच्या परवान्याचे नियम १९८० च्या दशकाच्या शेवटी सैल झाले होते, त्यामुळे वीस खुर्च्यांचा बारही चालवता येऊ लागला. जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ साली अमेरिकन शहरांवरच्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं: नव्या कल्पनेच्या धंद्याला जुनी इमारत लागते, कारण नव्या इमारतीचं भाडं त्याला झेपत नाही.

यान गेल हे डेन्मार्कचे नगररचनाकार. त्यांनी १९९४ आणि २००४ अशी दोनदा या शहराची पाहणी केली. रस्त्यावर उभं राहून माणसं मोजायची, कुणी थांबतंय का, बसतंय का बघायचं, अशी त्यांची पद्धत. त्या दहा वर्षांत कामाच्या दिवशी दिवसा चालणारी माणसं ३९ टक्क्यांनी वाढली, आणि संध्याकाळी जवळपास दुप्पट झाली. ज्या गल्ल्यांतून खरोखर फिरता येतं, बसता येतं, अशांची एकूण लांबी तीनशे मीटरवरून तीन किलोमीटरच्या वर गेली.

गेल यांचा एक हिशेब माझ्या इंजिनीअर डोक्यात घट्ट बसला आहे. माणूस ताशी पाच किलोमीटरनं चालतो. या वेगाला दर चार-पाच सेकंदांनी काहीतरी नवं दिसलं तर चालणं रंजक वाटतं. म्हणजे शंभर मीटरला पंधरा-वीस दारं. मी एकदा दुपारच्या सुट्टीत दारं मोजायचा उद्योग केला. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या डिग्रेव्ज स्ट्रीटवर मोजताना गोंधळायला होतं: हे दार, ही खिडकी की नुसता सँडविच बाहेर द्यायचा झरोका? आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर काम सोपं. एका इमारतीची अख्खी बाजू, एक दार. पुढे गाड्या आत घेणारं शटर. मग काच. काचेच्या आत संगमरवर, एक प्रचंड फुलदाणी आणि एकटा बसलेला सुरक्षारक्षक.

वर किती मजले आहेत यानं रस्त्याला फरक पडत नाही. चालणाऱ्याला दिसतो तो तळमजला.

डॉकलंड्सच्या तळमजल्याचं असं का झालं? जागा जुन्या गोदीची. जहाजं मोठी झाली, कंटेनर आले, बंदर पुढे सरकलं आणि पाण्यासकट सुमारे दोनशे हेक्टर जमीन शहराच्या कुशीत मोकळी झाली. १९९१ मध्ये तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं. महापालिकेकडे कारभार यायला २००७ उजाडलं. सरकारी तिजोरीला झळ नको म्हणून जमिनीचे मोठाले तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका विकासकाला दिला आणि बराचसा रस्ते-चौकांचा खर्चही त्यांच्यावरच टाकला. जुन्या शहरात एका ठोकळ्यात पन्नास मालक, पन्नास डोकी, पन्नास चुका. इथे एका ठोकळ्यात एक मालक आणि एकच डोकं. शिवाय शहर आणि पाणी यांच्या मधोमध २००० साली स्टेडियम उभं राहिलं. सामना असतो त्या दिवशी तिथे जत्रा. उरलेले दिवस तो एक भला मोठा कडीकुलूप लावलेला वाडा.

मग गर्दी ‘आणण्याचे’ प्रयोग झाले. १२० मीटर उंचीचं आकाशपाळणं २००८ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि चाळीस दिवसांत पोलादाला तडे गेले म्हणून बंद पडलं. दुरुस्त होऊन परत फिरायला २०१३ चा डिसेंबर उजाडला, आणि २०२१ मध्ये ते कायमचं थांबलं. ट्राममधून अजून त्याचा सांगाडा दिसतो. ऑस्ट्रेलियातलं पहिलं कॉस्टको २००९ मध्ये इथेच उघडलं. लोक मोटारीनं आले, ट्रॉल्या भरल्या, मोटारीनं गेले. पुढे तेही पश्चिमेच्या उपनगरात हललं. पाळणं काय किंवा कॉस्टको काय, माणूस येतो तो त्या एकाच कामाला. वाटेत छत्री घेतली, चप्पल शिवली, ओळखीचं कुणी भेटलं म्हणून दहा मिनिटं थांबला, असं घडायला मधली वाट लागते.

भाड्याचं गणित तर मला बरेच दिवस कळतच नव्हतं. आमच्या इमारतीखालचा एक गाळा कित्येक महिने रिकामा होता. मालक भाडं कमी करून कुणाला का देत नाही? आमच्या ऑफिसात पूर्वी मालमत्तेच्या क्षेत्रात काम केलेली एक सहकारी आहे, तिनं पेपर नॅपकिनवर समजावलं. व्यापारी इमारतीची किंमत वार्षिक भाड्यावरून काढतात. समजा गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा धरला, तर वर्षाचं भाडं दहा हजार डॉलरनं उतरवलं की कागदावर इमारतीची किंमत दोन लाखांनी घसरते. त्या किमतीवर बँकेचं कर्ज उभं असतं. म्हणून भाडं उतरवण्यापेक्षा गाळा रिकामा ठेवणं किंवा ‘पहिले सहा महिने फुकट, पण करारात आकडा तोच’ असं करणं त्यांना सोयीचं पडतं. आणि करार कुणाशी? दहा वर्षं टिकेल अशा साखळी दुकानाशी. वाण्याशी नाही. डॉकलंड्समध्ये दुकानं चालत नाहीत याचं खापर लोक वाऱ्यावर फोडतात. वारा आहेच, पण त्याच्या आधी हे कोष्टक आहे.

कोविडनं उरलंसुरलं उघडं पाडलं. मेलबर्नच्या सहा लॉकडाउनचे मिळून २६२ दिवस झाले. ते संपल्यावर जुन्या शहरात रहिवासी होते, विद्यार्थी होते, बाजार होता. सावरायला वेळ लागला, पण सावरलं. डॉकलंड्सचा धंदा बेतलेला होता ऑफिसच्या माणसांवर, आणि आम्ही आता मंगळवार ते गुरुवारच ऑफिसला जातो. आमच्या इमारतीखाली कॉफीचं दुकान चालवणारा नेपाळी मुलगा हिंदीत बोलतो आमच्याशी. भाडं पाच दिवसांचं आणि गिऱ्हाईक तीन दिवसांचं, असं तो हसत हसत सांगायचा. गेल्या हिवाळ्यात त्यानं ते दुकान सोडलं. आता तिथे चेहरा ओळखून कॉफी देणारं यंत्र आहे. कॉफी वाईट नाही, पण ते यंत्र ‘भाभी कैसी हैं’ विचारत नाही.

मेलबर्न महापालिकेनं २००९ पासून फुटपाथवर पादचारी मोजणारी सेन्सर बसवली आहेत आणि तासातासाचे आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. आम्हा लोकांना फुकटचा डेटा म्हणजे मेजवानीच. एका पावसाळी शनिवारी मी ते उतरवून आलेख काढत बसलो. ऑफिसांच्या रस्त्याचा आलेख म्हणजे उंटाची पाठ: सकाळी एक कुबड, संध्याकाळी एक कुबड, दुपारी जेवणाचं टेंगूळ आणि शनिवार-रविवार सपाट वाळवंट. स्वान्स्टन स्ट्रीटचा आलेख सकाळी हळूहळू चढतो आणि रात्री उशिरापर्यंत उतरायचं नाव घेत नाही. दुकानदाराला हवा असतो तो हा दुसरा आलेख. दोन तासांच्या झुंडीवर कुणाचं घर चालत नाही.

नव्या बांधकामाच्या नावानं बोटं मोडायचा माझा हेतू नाही. ‘मेलबर्न सेंट्रल’ हे दुकानांचं संकुल १९९१ मध्ये उघडलं तेव्हा नवं कोरं होतं. जपानी दाइमारू हे भलं मोठं दुकान पोटात घेऊन, रस्त्याकडे पाठ करून बसलेलं. एकोणिसाव्या शतकातला शिशाच्या गोळ्या पाडायचा उंच मनोरा काचेच्या शंकूखाली झाकलेला. २००२ मध्ये दाइमारू निघून गेलं. मग मालकांनी संकुल फोडलं: आतून गल्ल्या काढल्या, दुकानांची तोंडं बाहेर रस्त्याकडे केली. (त्याच झटक्यात भुयारी स्टेशनातून थेट रस्त्यावर येणारी वाट काढून टाकली. आता गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाला दुकानांतून प्रदक्षिणा घालावी लागते. हे मला अजिबात आवडलेलं नाही, पण व्यापारी बुद्धीला दाद द्यावी लागते!) समोरच ‘क्यूव्ही’. जुन्या क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयाची जागा. तिथे एकच ठोकळा न बांधता मधून बोळ सोडले, वेगवेगळ्या वास्तुरचनाकारांना वेगवेगळ्या इमारती दिल्या. टॉवर आहे, तळघरात सुपरमार्केट आहे, गाड्यांची सोय आहे, तरी रस्ता जिवंत आहे. शहराच्या बाजारपेठेतल्या मुख्य रस्त्यांसाठी तर नियमच होता की तळमजल्याच्या दर्शनी भागातला ८० टक्के भाग दार किंवा दुकानाची खिडकी असला पाहिजे. भिंत चालणार नाही.

डॉकलंड्सचंही सगळं वाईट नाही. २०१४ मध्ये पाण्याकाठी सुंदर वाचनालय झालं, २०२१ मध्ये प्राथमिक शाळा आली. शाळा सुटायच्या वेळी तिथे आया-बाबांची, आजी-आजोबांची जी गर्दी होते, ती त्या पाळण्यानं कधी जमवली नव्हती. साडी आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या आज्या बाकावर बसून गप्पा मारताना दिसतात. त्यांना आता जवळपास कोथिंबीर मिळायला हवी. बस, एवढंच.

हे सगळं मराठी पेपरात लिहायचं कारण वेगळं आहे. मी डोंबिवली पूर्वेचा. आमची सोसायटी १९८० च्या दशकातली, तीन मजली, आणि रस्त्यालगत सहा गाळे. पिठाची गिरणी, वाणी, डेअरी, झेरॉक्स-स्टेशनरी, डॉक्टरांचा दवाखाना आणि एक शिंपी. आता पुनर्विकास ठरला आहे. बिल्डरनं दाखवलेल्या चित्रात बावीस मजले आहेत, समोर दोन पातळ्यांचं पार्किंग, कुंपणाची भिंत, दुहेरी उंचीची लॉबी आणि कोपऱ्यात एकच मोठी शोरूम. लॉबीत फुलदाणी आहे. फुलदाणी बघितली आणि मी व्हिडिओ कॉलवरच बाबांना म्हटलं, “बाबा, ही आमच्या ऑफिसातली आहे.”

सोसायटीत बहुमत आहे ‘दुकानं नकोत’ या बाजूला, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. गाळ्यांमुळे उंदीर होतात, स्कूटर कशाही लागतात, गिरणीच्या पिठानं पहिल्या मजल्याच्या खिडक्या पांढऱ्या होतात. “तुझा मुलगा तिकडे बसून लिहितोय, कचरा कोण काढणार?” असं सेक्रेटरी काकांनी बाबांना सभेत ऐकवलं. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरं आहेत. कचऱ्याची खोली मागच्या बाजूला, दुकानांचा प्रवेश वेगळा आणि घरांचा वेगळा, धुराड्याची नळी गच्चीपर्यंत, गाड्या पुढे न ठेवता मागे किंवा तळघरात. बावीस मजली इमारतीत हे बसवणं म्हणजे काही चांद्रयान नव्हे. त्या बदल्यात शोरूमच्या जागी अरुंद तोंडाचे सहा गाळे ठेवायचे, इतकंच माझं म्हणणं. संध्याकाळी क्लासवरून एकट्या येणाऱ्या मुलींसाठी रस्त्यावर उजेड त्या गाळ्यांचाच असतो. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. ती खाली उतरते ती दूध आणायच्या निमित्तानं, आणि अर्धा तास डेअरीसमोर उभी राहते. घरपोच दूध दहा मिनिटांत येतं हो आता. पण मग ती उतरणार कशाला?

हे फक्त आमच्या सोसायटीचं नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. सेनापती बापट मार्गावरून चालत गेलं की गिरण्यांच्या भिंतींच्या जागी आता टॉवरच्या भिंती लागतात. फरक हा की गिरणीच्या भिंतीला लागून खानावळी, पानपट्ट्या होत्या. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे आजही गणेश मंदिरापर्यंत तरुण पोरापोरींचा पूर लोटतो. त्या रस्त्यालगतची एकेक सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे. दोन्ही बाजूंनी पार्किंगच्या जाळ्या आल्या, तर ती पोरं उभी कुठे राहणार?

दोन महिने ई-मेल आणि कॉल झाल्यावर नवीन चित्र आलं. शोरूमचे तीन गाळे झाले आहेत, लॉबी आक्रसली आहे, पार्किंगची एक पातळी मागे गेली आहे. डॉक्टर आणि वाणी परत येतील. शिंप्यानं आधीच बदलापूरला जागा बघितली. गिरणीवाल्या काकांचा प्रश्न अडकला आहे. त्यांचा गाळा भाड्याचा, त्यामुळे मालकाला नवा गाळा मिळेल, त्यांना नाही. आणि मिळाला तरी इमारत व्हायला लागणारी तीन-चार वर्षं गिरणी कुठे चालवायची? सभासदांना बाहेर राहायला भाडं मिळणार असं करारात स्पष्ट लिहिलं आहे. धंद्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. बाबांनी मसुद्याच्या सातव्या पानावर, समासात, पेन्सिलीनं ती ओळ लिहून ठेवली आहे. रविवारच्या सभेत मांडणार आहेत.